बंदच न पडणारी मशीनं

मित्रांनो, मी हत्यारांची एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझ्या कडीला गंज चढलाय, जिभेला नाही.

एका लोहाराने ठोकून ठोकून मला घडवलं आणि शिलाई मशीनं दुरुस्त करणाऱ्या ताईच्या खांद्याला लावून दिलं. ताई एकटीच. वर्षाचा करार करायचा, दर महिन्याला जाऊन मशीनं साफ करायची, तेल पाजायचं, हा तिचा धंदा. करार मध्येच मोडणारी गिऱ्हाइकं मी नुसत्या खाकरण्यावरून ओळखते. जुनाट मशीनं आधी नव्यासारखी करून घ्यायची आणि मग म्हणायचं, 'आता नको.' गरज सरो, वैद्य मरो! असल्यांपेक्षा माझा बोथट पाना शहाणा.

चूक ताईचीही होती. शिवणाऱ्या बायकांचा खोळंबा नको म्हणून ती सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या कारखान्यात राबायची. तिचं काम कुणी पाहिलंच नाही.

तिचा सर्वांत मोठा कारखाना वीस मशिनांचा. तो सुटला तर धंदा गुंडाळून तिला कुणाची तरी चाकरी धरावी लागणार होती. तिथल्या मालकाने चौथ्याच महिन्यात करार मोडल्याचं पत्र तिच्या हातात ठेवलं.

"ताई, मशीनं बंदच पडत नाहीत. मग तुमचं काम काय?"

वा रे अक्कल! पोट भरलं, आता चूल फोडा!

मला वाटलं, ताई हात जोडेल. ती एवढंच म्हणाली, "करारात महिन्याची नोटीस आहे. शेवटची सफाई उद्या. भर कामात."

दुसऱ्या दिवशी वीस सुया धावत असताना तिने एक मशीन थांबवलं आणि माझं झाकण उघडलं. मशीनच्या पोटातून धाग्याधुळीचा गोळा निघाला, चिमणीच्या घरट्याएवढा.

"अगं बाई! हे दर महिन्याला निघतं?" म्हातारी शिवणारीण ओरडली.

"दर महिन्याला, मावशी. पण आज शेवटचं. मालकांनी करार मोडलाय."

"मालक, पुढच्या महिन्यापासून तुम्ही काढणार का हो हे? जपून बरं, मिशा अडकतील!"

कारखाना खदखदून हसला. मालक खाकरला. "राहू द्या ते पत्र, ताई. करार चालू ठेवू."

"राहू देते. पण यापुढे मी सुट्टीच्या दिवशी येणार नाही. मशीन थांबवून, सगळ्यांसमोर काम करीन."

मालकाने मान डोलावली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू बिनतक्रार चालत असेल, तर तिच्यामागे कुणाचे हात राबतात ते शोधा. राबताना दिसले नाहीत, तरी त्यांना 'तुमचं काम काय' असं विचारू नका. एवढं तर पत्र्याच्या पेटीलाही कळतं.