बुडाला भोक असलेली फुलदाणी

मी एक जुनी फुलदाणी आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, मित्रांनो, कारण जुन्या वस्तूंची शौकीन मंडळी मला हातात घेतलं की बुडावरची खूण बघायला आधी उलटी करतात.

माझा जन्म अमेरिकेत, ओहायोतल्या एका मातीकामाच्या कारखान्यात झाला. थिओडोरा नावाच्या चित्रकर्तीने माझ्या अंगावर जांभळी आयरिसची फुलं रंगवली आणि बुडाला आपल्या नावाचं अक्षर कोरलं. भट्टीत शेजारच्या दोघींना तडे गेले, मी मात्र ठणठणीत बाहेर आले. तेव्हापासून माझा तोरा काही कमी झालेला नाही.

एमेट नावाच्या काच कामगाराने मला बायकोसाठी घरी नेलं. पुढे घरात वीज आली, तेव्हा त्या भल्या माणसाने माझ्या बुडाला भोक पाडून वायर ओवली आणि नातीच्या अभ्यासासाठी माझा दिवा केला. त्यात थिओडोराचं अक्षर अर्धं उडालं. त्या काळी असे दिवे घरोघरी होत, कुणाला त्यात गैर वाटत नसे. माझ्याच उजेडात एमेटची नात वर्ना लिहायला-वाचायला शिकली.

तीच वर्ना मोठेपणी फुलदाण्या जमवू लागली. कपाटात एकाहून एक बिनडागाच्या आल्या, आणि माझी वायर काढून तिने मला सगळ्यांच्या मागे ढकललं. मला ते फार लागलं.

एकदा फुलदाण्यांच्या प्रदर्शनाआधी तिचा मित्र ऑर्विल आला आणि त्याची नजर मागे पडलेल्या माझ्यावर गेली. मोडकं सांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"भोक असं बुजवतो, की भलेभले फसतील," तो म्हणाला. "अक्षरही पुरं करून देतो. बक्षीस तुझंच समज!"

वर्नाने मला त्याच्या हाती दिलंसुद्धा. मी हादरले. तो भोक बुजवायचं लुकण मळू लागला, तेवढ्यात तिने सहज माझ्या भोकात करंगळी घातली आणि तिथेच थांबली.

"राहू दे, ऑर्विल."

"अगं, वेडी की काय? भोकाची फुलदाणी मांडणार? हसतील सगळे!"

"हसू देत. माझ्या आजोबांनी पाडलंय ते, माझ्या अभ्यासासाठी. तू कोण रे बुजवणारा?"

प्रदर्शनात तिने मला वायर ओवून, दिव्याची टोपी चढवून मांडलं. काही जण खरंच हसले. बक्षीसही दुसऱ्याच फुलदाणीला गेलं. पण त्या अख्ख्या दालनात उजेड देणारी फुलदाणी मी एकटीच होते!

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हलक्या हाताने पुसा, खुशाल उलट्या करून बघा. फक्त भोक दिसलं म्हणून लगेच खाली ठेवू नका. ते कुणासाठी पाडलं होतं, एवढं तरी विचारा.