तपासणीपुरता पेशंट

आजारी माणसाला दवाखान्यात घुसवायचं तर तो आधी ठणठणीत दिसला पाहिजे, ही अक्कल पाथरवटिणीला कंपाउंडरने शिकवली.

एरवी त्या आरोग्य केंद्रात होतं काय? एक कंपाउंडर, पिवळ्या गोळ्यांचा डबा आणि भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र. नळाला मात्र पाणी नव्हतं. डॉक्टरची खुर्ची होती, तिच्यावर मांजर दोनदा व्यालं होतं. पण वरून तपासणी यायची ठरली की आधी टेम्पो यायचा. त्यात पलंग, चादरी, सलाइनचे स्टँड, हवेचं मशीन, पांढरा कोट आणि कोटात घालायला एक उसना डॉक्टरसुद्धा असायचा. केंद्र दिवसभर मिरवायचं. तपासणी आटोपली की तोच टेम्पो सगळं सामान घेऊन पुढच्या केंद्राकडे निघायचा, कारण तपासणीवाले दुसऱ्या दिवशी तिकडे जायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्यांनाही असणार, पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता पलंग आले की त्यावर माणसं हवीत. ती कंपाउंडर वस्तीतून निवडायचा. दिवसाची मजुरी आणि पोटभर जेवण, काम काय तर नुसतं कण्हत पडायचं. अट एकच, माणूस धडधाकट पाहिजे. खरा आजारी ऐन तपासणीत दगावला तर नोकरीवर गदा येईल, असं तो उघड सांगायचा.

पाथरवटिणीचा नवरा खरा आजारी होता. त्याचा उभा जन्म दगड घडवण्यात गेला आणि दगडाची धूळ छातीत जाऊन बसली. चार पावलं चालला की तो भिंत धरायचा. झोपायचा तोही बसून, कारण आडवा झाला की बुडाल्यासारखं व्हायचं. होतं नव्हतं ते विकून तिने त्याला एकदा शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, याला हवेचं मशीन लागेल, आणि ते तुमच्याच केंद्रावर आहे, इथवर यायची गरजच नव्हती. परत येऊन तिने कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, आहे की, तपासणीच्या दिवशी असतं.

मग तपासणीच्या दिवशीच न्यायचं, असं तिने ठरवलं. दुसरा मार्ग कुणी ठेवला होता?

निवडीच्या सकाळी तिने त्याला हातगाडीवरून आणलं आणि केंद्राच्या भिंतीआड बसवलं. त्याचा दम खाली बसेपर्यंत थांबली. ओल्या फडक्याने गाल इतके चोळले की त्यांवर लाली आली. मग पढवलं, दारापासून टेबलापर्यंत चालायचं, खोकायचं नाही, भिंत धरायची नाही, तोंड हसरं ठेवायचं.

"तिथवर श्वासच घेत नाही," तो म्हणाला. "नाहीतरी घेतला तरी कुठे येतो?"

तिला हसू आलं, आणि लगेच रडूही. तो मात्र खरंच चालला. तरणाताठा असल्यासारखा हात हलवत चालला आणि टेबलाला टेकून उभा राहिला. कंपाउंडरने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, तुला तर खोकला होता ना? पाथरवटाला बोलायची सोय नव्हती. तीच मध्ये पडली. होता, पण गेला, म्हणाली. कशाने गेला म्हणता, तर तुमच्या पिवळ्या गोळ्यांनी. त्या गोळ्यांनी आजवर कुणाचं काही गेल्याचं कंपाउंडरने ऐकलं नव्हतं. तो इतका खूश झाला की त्याने पाथरवटाला सगळ्यात चांगला पलंग दिला, मशीनच्या शेजारचा.

पलंगावर पाथरवट कोसळलाच. डोळे पांढरे झाले, छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. कंपाउंडरने इतरांना हाक मारून दाखवलं, बघा रे, याला म्हणतात काम. आणि त्याच्या नाकाला नळी लावून मशीन सुरू केलं.

दुपारपर्यंत त्याच्या ओठांचा रंग परतला. कितीतरी दिवसांनी तो आडवा होऊन झोपला. पाथरवटीण पायथ्याशी बसून त्याच्याकडे बघत राहिली. एवढंसं तर हवं होतं, एक नळी आणि भिंतीतली वीज. एवढ्यासाठी माणसाने मरायला टेकावं, याचा तिला संताप आला. पण संताप करायची ती वेळ नव्हती.

उसना डॉक्टर पलंगापलंगाला फिरत होता. छातीवर स्टेथोस्कोप टेकवत होता, पण कानातली टोकं गळ्यातच लोंबत होती. खोट्या छातीत काय ऐकायचं? तिने त्याला हळूच सांगितलं, डॉक्टर, हे खरंच आजारी आहेत. तो हसला आणि म्हणाला, शाब्बास, असंच सांगायचं. सगळ्यांना तेच पढवलेलं होतं.

मग तपासणीच्या मॅडम आल्या. वयस्क, थकलेल्या, पायात धुळीने भरलेले बूट. पाथरवटापाशी थांबून त्यांनी विचारलं, बरं वाटतंय का? तो म्हणाला, आज वाटतंय. मॅडमना ते उत्तर आवडलं असावं, त्या क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी टेम्पो लागला आणि मशीनची वायर निघाली. पाथरवटीण कंपाउंडरच्या मागे मागे फिरली. सामान हरवलं तर त्याच्या अंगावर येई, म्हणून तोही टेम्पोबरोबर जायचा. तिने विनवलं, यांना उद्याही घ्या, मजुरी नको, जेवणही नको. एवढा चांगला नट फुकट मिळतोय म्हटल्यावर कंपाउंडर कशाला नाही म्हणेल? त्याने दोघांना मागे सामानात बसवलं.

टेम्पोत वीज नसते, हे तिच्या ध्यानात टेम्पो हलल्यावर आलं. मशीन त्याच्या मांडीला लागून होतं, आणि त्याचा उपयोग दगडाइतकाच. खड्ड्यागणिक त्याचा दम तुटत होता. ती फडक्याने वारा घालत राहिली, देवाला नाही नाही ते बोलत राहिली. पुढच्या केंद्रावर पोचले तेव्हा त्याची नखं निळी पडली होती. आणखी एक असा प्रवास त्याला झेपणार नाही, हे तिला लख्ख कळलं. मशीन सुरू झाल्यावर पहाटे कुठे त्याला डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, पलंगांवरून नजर फिरवत चालल्या आणि पाथरवटापाशी थबकल्या.

"हा माणूस काल त्या केंद्रावर होता."

तोच डॉक्टर होता, तेच पलंग, त्याच चादरी, तेच मशीन. त्यांतलं काही कुणाच्या ओळखीचं निघालं नाही. ओळख पटली ती एका गरिबाच्या तोंडाची.

कंपाउंडरचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती. ही बाई आम्हाला फसवते, तो म्हणाला, नवऱ्याला आजारी दाखवून फुकटचं खायला ठिकठिकाणी फिरते. मॅडमचा आवाज चढला. याला उठवा, म्हणाल्या, असली सोंगं मी खपवून घेणार नाही. शेजारच्या पलंगांवरची सोंगं निमूटपणे कण्हत राहिली.

पाथरवटिणीने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते त्याला कळलं असावं, कारण त्याने होकाराची मान डोलावली. तिने त्याच्या नाकातली नळी स्वतःच्या हाताने काढली.

"सोंग म्हणता ना? मग बघा."

सगळ्यांनी पाहिलं. आधी त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या, मग ओठ काळवंडत गेले. बोटं चादर ओढायला लागली. कण्हणारे कण्हायचे थांबले. मॅडमनी डॉक्टरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढून घेतला, टोकं कानात घातली आणि पाथरवटाच्या छातीवर वाकल्या.

"हा खरंच आजारी आहे," त्या म्हणाल्या.

कंपाउंडर भांबावला. "खरा आजारी? मग तो इथे आत आला कसा?"

कुणी हसलं नाही. मॅडमनी नळी लावायला सांगितली, पण पाथरवटिणीने ती मुठीत धरून ठेवली.

"आधी शब्द द्या. मशीन इथून हलणार नाही म्हणा."

मॅडमनी डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने कंपाउंडरकडे, कंपाउंडरने जमिनीकडे. नापास लिहिलं तर केंद्रच बंद करतील, मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, आणि पास लिहिलं तर... शब्द कुणीच दिला नाही. पाथरवटाचे डोळे फिरायला लागले आणि पाथरवटीण हरली. तिने घाईघाईने नळी त्याच्या नाकाला लावली आणि त्याचं कपाळ कुरवाळत रडत राहिली.

मॅडम बाहेर जाऊन गाडीत बसल्या. या खेपेला पुढच्या केंद्रावर त्यांना आजच पोचायचं होतं, आणि त्यांच्याआधी सामानाला. टेम्पोवाल्याने पलंग उचलले, चादरी मोजून बांधल्या, खोटे पेशंट जेवायला गेले. उरला एक पलंग आणि एक मशीन.

टेम्पोवाला आत आला तेव्हा पाथरवटीण जमिनीवर बसली होती. तिने पाठ भिंतीला लावली होती, आणि पाठीमागे भिंतीतलं बटण आणि मशीनची वायर होती.

"बाई, सरका."

ती सरकली नाही. कंपाउंडरने दम दिला, मग हात जोडले, मग पोलिसांचं नाव काढलं. टेम्पोवाला मशीनजवळ गेला, पाथरवटाच्या तोंडाकडे त्याची नजर गेली आणि त्याने हात मागे घेतला. उगीच कानामागे खाजवत तो दाराशी जाऊन उभा राहिला.

बाहेर मॅडमची गाडी चालू होती. टेम्पो पुढे गेल्याशिवाय ती निघणार नव्हती, मशीन चढल्याशिवाय टेम्पो निघणार नव्हता, आणि पाथरवटीण काही उठत नव्हती. आत मशीन घरघरत होतं. तोवर पाथरवट श्वास घेत होता.