सांध्याखालचा मी

मी एक जुना खुंट आहे, मित्रांनो. खुंट म्हणजे कलमाचा खालचा भाग. ऐकलं नसेल तुम्ही. फळाचं नाव सगळ्यांना पाठ, खुंटाला विचारतो कोण!

माझी जात जंबेरी, लिंबाच्या कुळातली. फळ आंबट, अंगावर काटे, पण मुळं अशी की मुरमात घुसतील. रोपवाटिकेत माझ्या सालीला चीर पाडून त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला इवला कोंब, बसवला. तो फुटल्यावर माझा शेंडा उडवला. मला विचारलं होतं का? नाही. दोघं जुळलो तिथे एक गाठाळ सांधा धरला.

एका गवंड्याने मला घरामागे लावलं. त्याची बायको खिडकीशी मशीनवर कपडे शिवायची आणि येता-जाता मला पाणी घालायची. संत्री लागली, गोड लागली. शेजारीपाजारी म्हणायचे, काय गुणाचं संत्रं आहे! खाली राबत होतो मी, आणि वर आयत्या बिळावर नागोबा.

गवंड्याला वाकडं काही खपायचं नाही. माझा सांधा त्याच्या डोळ्यांत सलायचा. झाडाला पोक आलंय म्हणायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी त्याने बुंध्याभोवती विटांचं सुबक कडं बांधलं, सांधा बुडेल इतकी माती भरली, वरून थापी फिरवली. लोकांनी वाहवा केली.

माझी साल ओल सोसते, संत्र्याची नाही. मातीत दबून तिला डिंक सुटला, पानं पिवळी पडली, झाड वाळलं. रोग आला म्हणून गवंड्याने वाळलेलं खोड मातीलगत कापलं. बायको कितीतरी वेळ मशीनवर पाय ठेवून नुसती बसून राहिली.

मी मात्र मेलो नव्हतो. सांध्याखालून फुटलो, माती फोडून वर आलो. संत्रंच परत आलं असं समजून दोघांनी माझे लाड केले. करू दे म्हटलं. कधी नव्हे ते माझ्या वाट्याला आलं होतं. भिंतीच्या वर गेलो, फुललो, फळलो.

पहिलं फळ गवंड्याने सोललं. एक फोड तोंडात टाकली आणि त्याचं तोंड असं झालं की बायकोला हसू आवरेना.

"फसवलं या झाडाने," तो म्हणाला.

"त्याने काय पाटी लावली होती संत्र्याची?"

त्याला ते झोंबलं. करवत आणली. मला मुळाशीच कापायचं म्हणून विटा काढल्या, माती उपसली. मित्रांनो, तेव्हा मी काटे ताठ ठेवले. त्याच्या मनगटावर लांब ओरखडा काढला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बायको वाकून बघत होती. "थांबा," ती म्हणाली. "हा बघा जोड. वरचं कुजलंय, आणि हे खालून फुटलंय."

गवंडी उकिडवा बसला. बोटाने सांधा चाचपला.

"म्हणजे संत्रं मी पुरलं?"

"पुरलंत. आता जे जगलंय त्याला तरी जगू द्या."

करवत आत गेली. बायकोने शेजारच्या संत्र्याची काडी मागून आणली, तिच्यावरचा एक डोळा ब्लेडने काढला आणि माझ्या फांदीत, जमिनीपासून चांगला उंच, पट्टीने घट्ट बांधला. गवंड्याने विटांचं कडं आता हातभर दूर मांडलं आणि बुंध्याशी मातीचा कणसुद्धा येऊ दिला नाही.

तो डोळा आता फुटलाय. पुन्हा नाव त्याचंच होणार, मला माहितीये. पण मित्रांनो, कलम लावाल तेव्हा सांधा मातीवर ठेवा. त्याला झाकू नका, त्याची लाज बाळगू नका. आणि माझी कीव तर मुळीच करू नका. मी अजून खालून कोंब काढतो. गवंडी येतो, कुरकुरतो, खुडतो. खुडू दे. उद्या दुसरा काढीन.