आधी तुम्ही उतरा, बाबा

"आली! आली! गंगामाई आली!"

धरणाच्या पाण्यात गुडघाभर उभ्या असलेल्या शे-दीडशे माणसांनी एकच गिल्ला केला. कुणाच्या पिंडऱ्यांत झिणझिण्या, कुणाच्या तळव्यांना मुंग्या. गोजरबाईंनी तर हात जोडून हमसाहमशी रडायला सुरुवात केली. काठावरच्या मांडवात लाकडी बाजेवर मांडी घालून बसलेल्या तरंगबाबांनी डोळे मिटले आणि माईक ओठांना लावला.

"माई पायाला शिवली का न्हाई? शिवली! डाक्टर काय करतो? सुई टोचतो, पैसे घेतो. माई टोचते, पन सुई दिसत न्हाई! वात, लकवा, गुडघे, समदं वढून घेते. फकत लाल झेंड्यांच्या पल्याड पाय टाकू नका. पल्याड माईचं घर हाय. तिथं गेला तो गेला!"

हे तरंगबाबा म्हणजे परतूरकडचा मोटार दुरुस्त करणारा राधेश्याम. उन्हाळ्यात तो डोहखेड्याच्या रामरावांची पाण्यातली मोटार बघायला आला, पाण्यात पाय घातला, किंचाळला आणि त्याला साक्षात्कार झाला. तेव्हापासून त्याने दाढी वाढवली, मोटारीचं काम तसंच टाकून दिलं, आणि लोकांदेखत पुन्हा म्हणून पाण्यात पाऊल ठेवलं नाही. हे सगळं गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण भक्ती चढली की डोळे काय कामाचे? आष्टीच्या बाजारातून टेम्पो भरभरून माणसं यायला लागली होती.

सरपंच दीपमाला काठावर उभी राहून हा तमाशा बघत होती आणि तिचा जीव खालीवर होत होता. तीनच दिवसांपूर्वी रामरावांची दुभती म्हैस झेंड्यांच्या पलीकडे डुंबायला गेली आणि तिथेच पाय ताणून मेली. अंगावर एक ओरखडा नाही. बाबांनी लगेच जाहीर केलं, "माईनं भोग घेतला!" रामराव आधी ढसाढसा रडले आणि मग त्यांनी माईला हिरवी साडी वाहिली.

दीपमालाने त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सूचना दिली होती: "म्हैस कशाने मेली हे कळेपर्यंत कुणीही पाण्यात उतरू नये. घाट बंद आहे." हीच सूचना तिने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तिला दोन अंगठे आले, त्यातला एक तिच्या नवऱ्याचा. खाली बाबांच्या आमंत्रणाला जोडलेल्या हातांचा पूर आला.

आज ती घाटावरून पंचायतीत परतली, तर मागोमाग रामराव येऊन उभे राहिले.

"सरपंचबाई, तुमच्यात देव मानत न्हाईत, ते तुमचं तुमच्यापाशी. पन आमची माई कामून बंद करून राह्यल्या?"

"रामरावकाका, मी माई न्हाई, पाणी बंद केलं. म्हैस तर तुमचीच मेली ना?"

"ती माईनं नेली."

"आन् उद्या माणूस नेला तर? तिथं जे काही हाय ते आडनाव इचारून मारत न्हाई."

"परवा आवस हाय. बालस्नान ठेवलंय. लेकरं पार झेंड्यांपातूर नेनार हाईत बाबा. मव्हा नातू पयला. थांबवून दाखवा!"

ते तरातरा निघून गेले. दीपमालाला रात्रभर ती पोरं दिसत राहिली. संशय तिला होताच, पण हातात काही नव्हतं. नुसत्या संशयावर गाव थोडंच ऐकणार?

पुरावा सापडला तो तिच्याच स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली तर सासू कांताबाई दळणाचा डबा समोर घेऊन बसल्या होत्या. डब्यात ज्वारी जशीच्या तशी.

"दळण न्हाई आणलं, आत्याबाई?"

"लाईट न्हाई. गिरनी बंद." मग मान खाली घालून त्या पुटपुटल्या, "चिडू नको. घाटावर बी गेल्ते. गुडघा लई ठनकतो गं. तासभर पान्यात उभी राह्यले, पन आज माई आलीच न्हाई. बाबा म्हनले, रुसली. ना दळन झालं, ना माई भेटली!"

ज्या घरात रोज बुद्धवंदना होते त्या घरातली सासू गुपचूप तिथे गेली, याचा दीपमालाला राग यायला हवा होता. पण तिने आधी सासूचे पाय चाचपून पाहिले. ही बाई त्या पाण्यात उभी होती! आणि त्या भीतीतच तिला सासूचं बोलणं पुन्हा ऐकू आलं. गिरणी बंद, माई बंद. गिरणी रुसते ती विजेची डीपी बंद पडली म्हणून. मग माई कशाने रुसते?

तिने वायरमन सूरजला फोन लावला. "भाऊ, गिरणी आन् धरणाच्या काठच्या मोटारी एकाच डीपीवर हाईत का?"

"बराबर, मॅडम. फाल्ट काढून राह्यलो, घंटाभरात चालू करतो."

"चालू करू नको! पाण्यात करंट हाय. फ्यूज काढ आन् माझ्याकडं आणून दे."

अमावस्येला सकाळी घाट माणसांनी फुलून गेला. पोरांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आया पाण्यात उभ्या राहून वाट बघत होत्या, आणि माई काही येईना. बाबांच्या कपाळावर घाम आला, पण जिभेला हाड नव्हतं.

"माई येनार कशी? सरपंचानं घाट बंद करून माईचा अपमान केला! घाट बाटवला!"

त्या शब्दासरशी दीपमालाच्या मस्तकात तिडीक गेली. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ पाण्यात शिरली. गर्दी मागे सरली. ती झेंड्यांपाशी पोहोचली, एक झेंडा उपटला आणि पलीकडे गेली.

"दीपमाला, मागं फीर!" कांताबाई काठावरून ओरडल्या.

ती कमरेभर पाण्यात वाकली, चाचपडली आणि काहीतरी जड वर ओढून काढलं. रामरावांच्याच मोटारीची वायर होती. जोडावरची टेप सडून गेली होती, आतलं तांबं उघडं पडलं होतं. जोड हलू नये म्हणून तो दगडाला बांधलेला, आणि बांधायला वापरलेलं कापड झेंड्यांचंच. दुसऱ्या हाताने तिने कमरेच्या पिशवीतले फ्यूज काढून उंच धरले.

"ही बघा तुमची माई, आन् हा तिचा जीव! फ्यूज काढले, माई गेली. या जोडातून पाण्यात करंट उतरतो. लांब उभं राह्यलं की झिणझिण्या, जवळ गेलं की मरण. म्हैस अशीच मेली. झेंडे कुठं रोवायचे ते बाबाला बराबर कळलं, कारण मोटारीचं काम त्याला येतं! लाईट नसताना गुपचूप उतरून त्यानंच हे बांधलं!"

बाबा गरजला, "खोटं! माई हाय!"

"हाय ना? मंग समदे पाण्याबाहेर या. सूरजभाऊ फ्यूज लावतील, आन् बाबा झेंड्यांच्या पल्याड माईच्या घरी जाऊन येतील. माई तुमची, भक्त तुम्ही. आधी तुम्ही उतरा, बाबा!"

फ्यूज ती लावू देणार नव्हतीच. पण ते बाबाला कुठे ठाऊक होतं?

"आज... आज मला मौन हाय," तो म्हणाला.

कुणीतरी फिसकन हसलं. रामराव मात्र हसले नाहीत. नातवाला कडेवर घट्ट धरून ते मांडवात शिरले.

"मह्या नातवाला बोलावनं आल्तं, आन् तुला मौन? मोटार नीट करायला आल्तास, वायर तुटल्याली बघितली, आन् मला सांगितलं न्हाई? चल, उतर पान्यात!"

बाबाने बाजेवरून उडी मारली ती पाण्याच्या उलट दिशेला. टेम्पोपर्यंत पोहोचण्याआधीच लोकांनी त्याला धरलं. दीपमालाने कुणाला हात उगारू दिला नाही. पोलीस येईपर्यंत त्याला त्याच्याच बाजेवर बसवून ठेवलं.

"पन मव्हा वात थांबला व्हता की!" गोजरबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

"झटक्यानं दुखणं घटकाभर इसरतं, मावशी. बरं होत न्हाई. वाताला डॉक्टर हाय, दवाखान्यात मी सोबत येते." निथळत्या साडीनिशी दीपमाला काठावर चढली आणि बाबाचा माईक तिने हातात घेतला.

"नीट ऐका. पाण्यात झिणझिण्या आल्या तर तो करंट असतो. तसंच मागं फिरा, ओरडा, लाईट बंद करायला लावा. कुणाला करंट लागला तर त्याला हातानं ओढू नका. आन् हात जोडायच्या आधी एवढं इचारत चला, की जो माणूस आपल्या लेकरांना पाण्यात लोटतो, तो सोत्ता कोरडा का बसलाय?"