चांगल्या बाजूचा गाल

डॉक्टर हार्तान्तींनी मुर्तिनीच्या उजव्या कानाखाली तारेचं टोक टेकवलं आणि बटण दाबलं. ओठाचा कोपरा टुणकन वर उडाला.

"ही चांगली बाजू. आता डावी."

डाव्या बाजूला गाल हलला, पण तेवढा नाही. खुर्चीच्या मागे उभी असलेली धाकटी बहीण वाह्युनी पडद्यावरच्या रेघेकडे बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ही रेघ पहिलीपेक्षा ठेंगणी होती. तिने रोखून धरलेला श्वास सोडला. आपल्याला बरं वाटलं, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

छायाबाहुल्यांच्या खेळात मुर्तिनी मुख्य गायिका होती. जावातल्या क्लातेन गावाच्या आसपास तिच्या नावावर खेळ ठरायचे. वाह्युनी तिच्यामागे बसून साथ करायची, वर्षानुवर्षं. मग एका सकाळी चूळ भरताना मुर्तिनीच्या तोंडातून पाणी आपोआप ओघळलं. डावा डोळा मिटेना, ओठ जुळेनात. त्याच संध्याकाळी खेळ होता. वाह्युनी पुढे बसली आणि त्यानंतर पुढेच बसत राहिली. सूत्रधार सुमार्दी आता खेळाच्या मध्येच लाडाने तिची थट्टा करायचे, लोक तिच्याकडे फर्माईश करायचे.

"नस बरीचशी शाबूत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चांगल्या बाजूच्या निम्म्याहून जास्त जोर आहे. गोळ्याही वेळेत सुरू झाल्या. छातीठोक सांगत नाही, पण दोन-तीन महिन्यांत चेहरा जवळजवळ पहिल्यासारखा होईल. मग गाणंसुद्धा जमेल, बाई."

मुर्तिनीने मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

"अरे वा," वाह्युनी म्हणाली. पण त्याआधी एक क्षण तिचा चेहरा पडला होता, आणि तो मुर्तिनीने पाहिला होता.

दवाखान्यासमोर सोतोची, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याची, टपरी होती. दोघींनी एकेक वाडगा मागवला. मुर्तिनी डावा ओठ बोटाने वर धरून रस्सा पीत होती. वाह्युनीचा चमचा वाडग्यात नुसताच फिरत होता.

"म्बाक," तिने मोठ्या बहिणीला हाक मारली, "मघाशी आत माझ्या तोंडावर... मी मुद्दाम नाही गं..."

"खा. निवतंय."

"ऐक ना. सुमार्दींनी पुढच्या महिन्याचे खेळही मलाच दिलेत. मी हो म्हणून बसले. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

"मला माहीत आहे. त्यांच्या बायकोने सांगितलं. तिच्या पोटात काही राहतं का?"

वाह्युनीचे कान तापले. मुर्तिनी ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

मुर्तिनीने रुमालाने हनुवटी टिपली. ओठ जुळत नसल्याने तिचे शब्द फसफसत बाहेर येत होते.

"तुझे सगळे खेळ मी फोनवर ऐकते. लोक सांगतात ना, 'बहिणीचं गाणं ऐकून म्बाक मुर्तिनी रडल्या'? रडत नव्हते मी. तू कुठे चुकतेस ते शोधत होते."

वाह्युनीने मान वर केली.

"शेवटी एकदा चुकलीस. तेवढाच तुकडा मी परत परत लावला. झोप छान लागली त्या दिवशी." मुर्तिनी वाडग्यात बघत म्हणाली, "आईसारखं वाढवलंय मी तुला. आणि हे असं."

टपरीवाला लिंबं चिरत होता. मुर्तिनीचा न मिटणारा डोळा पाणावला होता, पण तो हल्ली सदाच पाणावायचा.

"कुठे चुकले?" वाह्युनीने विचारलं.

"जाऊ दे."

"नाही, सांग."

मुर्तिनीने इकडेतिकडे पाहिलं. मग ओठाला बोट लावून, तिथेच बाकावर बसल्या बसल्या, ती ओळ म्हटली. 'प' आणि 'म' पार वाहून गेले. अर्धं तोंड हलत होतं, अर्धं नाही. शेजारच्या बाकावरची दोन माणसं खाणं थांबवून बघू लागली, त्यातल्या एकाला हसू आवरेना. पण ज्या वळणावर वाह्युनी घाईने श्वास घ्यायची तिथे मुर्तिनीने तो घेतला नाही. तिने सूर तसाच लांबवत पार पलीकडे नेला.

वाह्युनीने आपला बाक सरकवला आणि त्या माणसांकडे पाठ करून बहिणीसमोर बसली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.