सगळं आणलंय

सूनबाईला एक खोड होती. घर बदलायचं असो की कपाट आवरायचं, ओळखीचं तेवढं ठेवायचं, बाकी सगळा कचरा. माणूस म्हणून सोन्यासारखी, पण हात असा उरकता, की सासूबाईंचा चष्मा दोनदा रद्दीत जाता जाता वाचला होता.

भरतकामाच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर जळका वास सोडून बंद पडला, तेव्हा तिनंच त्यातली डिस्क काढून नव्यात सामान उतरवलं आणि डिस्क परत जुन्यात बसवून टाकली. नव्यात लिनक्स होतं. सासूबाईंचा नक्षी काढायचा प्रोग्राम मात्र विंडोजचा, आणि तो बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. "काळजी नको, आई. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा एक दुभाषा मिळतो. सगळं आणलंय मी," असं ती छातीठोकपणे म्हणाली होती.

आज बँडमास्तर संध्याकाळी बँडच्या गणवेशावर भरायच्या बिल्ल्याचा नमुना बघायला येणार, म्हणून नव्यावर प्रोग्राम पहिल्यांदा उघडायची वेळ आली. सासूबाईंच्या आयुष्यभराच्या नक्ष्या त्यातच उघडायच्या, दुसऱ्या कशात नाही. नव्यानं काढाव्यात, तर त्यांचा उजवा हात अलीकडे थरथरत होता. नक्ष्या गेल्या म्हणजे सासूबाईंचं कामच गेलं. हे दोघींनाही ठाऊक होतं आणि बोलत एकही नव्हती.

प्रोग्राम काही उघडेना. पडद्यावर नुसती चौकट आली: अमुक लायब्ररी सापडली नाही.

"आता ही कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो, प्रोग्राम सगळं काम स्वतः करत नाही. अक्षरं दाखवायला एकीला बोलावतो, रंग भरायला दुसरीला. त्या मदतनिसांना लायब्ररी म्हणतात. त्यातली एक आली नाही."

"मग बोलाव की तिला!"

सूनबाईनं इंटरनेटवर दिसेल त्या दारातून ती फाइल उचलून आणली. लगेच दुसरी हरवल्याची तक्रार. ती आणली, तर तिसरी. इकडे झाकावं तर तिकडे उघडं! त्यात आणलेल्या निम्म्या फाइली चौसष्ट बिटच्या आणि प्रोग्राम बत्तीसचा. मोठ्या झग्याची बाही लहान झग्याला कशी बसणार? दुपारपर्यंत तिचं डोकं पार फिरलं.

शेवटी तिनं उसन्या आणलेल्या सगळ्या फाइली पुसल्या, पाणी प्यायली आणि तक्रारींच्या ओळी शेवटून नाही, पहिल्यापासून वाचायला घेतल्या. बहुतेक लायब्रऱ्या एकाच संचातल्या निघाल्या. तो अख्खा संच दुभाष्याच्या रीतीनं बसवल्याबरोबर तक्रारी भराभर मिटल्या. उरली एक. तिचं नाव सूनबाईनं दोनदा वाचलं. ही त्या बुडालेल्या कंपनीची स्वतःची लायब्ररी, बाहेर कुठं मिळायची नाही. प्रोग्रामशेजारच्या एका फोल्डरमध्ये ती होती. वेडीवाकडी नावं बघून तो फोल्डर कचरा म्हणून हिनंच मागे ठेवला होता.

सासूबाई शिलाई मशीनपाशी, कापडानं झाकलेल्या पेटीवर पाय टेकून बसल्या होत्या. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "प्रोग्राम जुना, मीही जुनी. तुझा काय दोष? बँडमास्तरांना सांगू, दुसरीकडे बघा म्हणून."

नुसती 'हो' म्हणून मान हलवली असती तरी सूनबाई सुटली असती. मोह झालाच तिला, खोटं कशाला सांगा. पण सासूबाईंनी उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला होता, ते तिला बघवेना.

"आई, प्रोग्रामचं काही चुकलं नाही, मीच दीडशहाणी. सगळं आणलंय म्हणाले, पण आणलं नव्हतं. हवी ती फाइल मीच सोडून आले. आणि जुना डबा तर डिस्कसकट माझ्याच सांगण्यावरून तुम्ही भंगारवाल्याला दिलात." तिला रडूच फुटलं.

सासूबाईंनी पाय खाली घेतले आणि पेटीवरचं कापड ओढलं. जुना कॉम्प्युटर!

"दिला नाही मी," त्या म्हणाल्या. "तुझं फेकणं मला पाठ आहे. तुला वाईट वाटू नये म्हणून दिला म्हटलं, झालं."

"म्हणजे तुम्हीही थापच मारलीत?"

"सासू कुणाची आहे मी? ऊठ, डोळे पूस आणि उघड तो."

सूनबाईनं डिस्क जोडली आणि या खेपेला काही न निवडता अख्खा फोल्डर उतरवला. प्रोग्राम उघडला. बँडचा बिल्ला पडद्यावर आला: मधे बिगुल, भोवती पानांची वेल, टाका न् टाका रेखीव. सासूबाईंनी वेलीवरून बोट फिरवून बघितलं. बोट थरथरत रेघेबाहेर जात होतं. रेघ मात्र जिथल्या तिथं होती.

"हा माझा हात आहे," त्या म्हणाल्या. "एवढा तरी टाकू नकोस हं."

सूनबाईनं डिस्क परत जुन्या डब्यात बसवली, डबा सासूबाईंच्या पायांशी सरकवला आणि त्यावर कापड नीट घातलं.