डांबरगोळीचं धुकं

"केस नको काकू, नुसता कॅमेरा द्या," म्हणत हरिओमनं तो कातडी केसमधून बाहेर काढला, आणि मला वास आला.

"थांब रे. दे इकडं."

"आता कशाला? काकांनी दिला ना!"

हरिओमनं भोकरदन रोडला नवं हॉटेल काढलंय. काउंटरवर शोभेला त्याला जुना कॅमेरा हवा होता. आमचे हे त्याच्याकडे पाठ करून बसले होते. मस्तगडातल्या या स्टुडिओत ह्यांनी चाळीस वर्षं त्याच कॅमेऱ्यानं फोटो काढले. गेले आठ महिने मात्र त्यातून बघितलं की नुसतं पांढरं. आधी ह्यांनी स्वतःच्याच डोळ्यांत थेंब घातले. मग एका कारागिरानं सांगितलं, बुरशीनं काच खाल्ली, फेकून द्या. तेव्हापासून स्टुडिओचं शटर अर्धंच उघडायचं. दुसरा कॅमेरा घ्या म्हटलं तर अंगावर यायचे.

मी कॅमेरा नाकाशी धरला. बुरशी कसली! चोर सोडून संन्याशाला फाशी. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून मीच तो कपाटात साड्यांमध्ये ठेवला होता, आणि सोबत मूठभर डांबरगोळ्या. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण कॅमेरा गेला असता, आणि हे त्या खुर्चीतून परत उठले नसते.

"अहो, बुरशी न्हाई ही. डांबरगोळीची वाफ बसलीय काचंवर. मीच ठेवल्या होत्या."

हे गर्रकन वळले. "आठ म्हैने मी डोळ्यात थेंब घालून राह्यलो, अन् तू आत्ता सांगती?"

"आत्ता कळलं तर आत्ताच सांगीन ना! उघडा जल्दी."

"मी न्हाई उघडणार. तू केलं, तूच निस्तर."

निस्तरते! चाळीस वर्षं डार्करूममध्ये रोल मीच धुतलेत. स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं, काचा स्पिरिटच्या कापसानं पुसल्या. आतल्या सोनेरी काचेकडे बोट गेलं तसे हे ओरडले.

"तिला पुसू नको! मुलामा निघंल. मंग फोकस कायमचा गेला!"

"मंग काय आरती करू तिची?"

"उबंला ठेव. डांबर आपोआप उडतं."

कॅमेरा तसाच उघडा टेबललॅम्पखाली ठेवला. हरिओमचे दोन चहा झाले. नाही उडालं तर? चूकही कबूल केली आणि कॅमेराही गेला!

शेवटी मी झाकण बसवलं. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, रिंग फिरवली. परत फिरवली.

"बोला की!"

"दोन हरिओम दिसत व्हते. रिंग फिरवली तसे एकावर एक बसले. फोकस बराबर! बिलकुल साफ!"

मला एवढा आनंद झाला की मी हरिओमच्या पाठीत धपकाच घातला.

"मंग मी काय नेऊ?" तो बिचारा म्हणाला.

"फोटू ने. बस त्या स्टुलावर. हनुवटी वर. उषा, रोल आण!"

फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे एक रोल होता, तो आणला. कॅमेरा न्यायला आलेला गडी पोट आत ओढून मुकाट बसला. ह्यांनी श्वास रोखला. हरिओमनं रोखला. मीही रोखला.

खट्ट.

तो आवाज ऐकून मला रडूच फुटलं. हरिओम उठला. ह्यांनी रोल पुढे सरकवला आणि माझ्याकडे बघितलं.

"चला, पुढचं गिऱ्हाईक."

मी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि स्टुलावर जाऊन बसले.